काजीमानची खोड

२० मे, रविवार, संध्याकाळ
आज फूलमेळा झाला आणि माझा अपमान झाला. दोन्ही ठरल्या वेळी सुरू झाले.

हे तारीखवार लिहून ठेवायचं ठरवलं आहे. वही कुणाला दाखवायची नाही. राग शिळा होऊ नये एवढ्यासाठी.

घडलं ते असं. मेळ्यात मोठ्या गुरांसांचा, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या झाडांचा, विभाग वेगळा आणि बुटक्यांचा वेगळा. बुटक्यांमध्ये मी सुनपाती ठेवली होती. गुरांसाच्या घराण्यातलं हे सगळ्यात ठेंगू झुडूप. मोठी झाडं जिथे दम सोडतात तिथून वर ही उगवते, गुडघ्याच्या वर जात नाही. माझी जॅमच्या डब्यात होती. फूल एकच होतं, पण होतं. मेळ्याचा अध्यक्ष काजीमान, म्हणजे माझा साडू, माझ्या बायकोच्या, धनरूपाच्या, थोरल्या बहिणीचा, जेठी दीदीचा नवरा. माईक हातात आला की याच्या अंगात येतं. म्हणाला, आता बघा आमच्या कंपाऊंडर भाइंची एंट्री. भाइ, ही सुनपाती आहे की दात घासून उभा ठेवलेला ब्रश.

सगळा मांडव हसला. धनरूपाही हसली. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, बुढा, मला खोकला आला होता.

पहिलं बक्षीस काजीमानच्या अझेलियाला. सिलिगुडीहून विकत आणलेला. कुंडीला दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

२१ मे
जीपवाला म्हणाला, नमस्ते ब्रश-डॉक्टर. उभी हयात जनावरांच्या दवाखान्यात काढली, निम्म्या डोंगराची गुरं माझ्या हातून उठली, पण डॉक्टर कुणी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. पुढे ब्रश लावून.

जेवताना घरात हुकूम काढला. या घरातून त्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. त्यांचं घर आहे बटाट्याच्या शेतापलीकडे, ओढा ओलांडला की. पण ओढा आता सरहद्द समजायचा. धनरूपा म्हणाली, बरं. एका शब्दात मान्य. दोन बहिणी रोज ओढ्यावर तासभर बोलत असत, ते आता बंद. काजीमानला कळेल बहिष्कार म्हणजे काय असतो.

माझ्या शब्दाला घरात वजन आहे.

३ जून
सुडाचा पहिला प्रयोग. बोकड मोकळा सोडला, त्याच्या कुंपणाच्या दिशेने तोंड करून. हेतू अझेलिया.

बोकड संध्याकाळी परत आला. अझेलियाला तोंड लावलं नाही. गळ्यात दोर मात्र नवीन, चांगला जाड. आमचा जुना झिजला होता म्हणून काजीमानने बदलला म्हणे.

हा डिवचण्याचाच प्रकार. दोर वापरतो आहे, पण रागाने.

१४ जुलै
पाऊस, धुकं, जळवा. घरात बसून मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि डोळे उघडले. विलायतेत लोक आपल्याच डोंगरातली सुनपाती नेतात. बागेत दगड रचतात, फटींतून ती लावतात. शंभरातलं एखादं वेगळं निघतं, कुणाचं फूल पिवळंजर्द, कुणाचा बांधा घट्ट. ते वेगळं काढून त्याच्या फांद्या रुजवतात, आणि ती झाली बागेची जात. मग तिला नाव देतात. बायकोचं, मुलीचं, स्वतःचं. नाव कायमचं. माणूस मरतो, झाड छापील पुस्तकात राहतं.

ठरलं. पुढच्या मेळ्यात सुनपाती 'नरहांग', माझ्याच नावाची. नरहांग सुब्बा यांनी निवडलेली, वाढवलेली. काजीमान माईकवरून हे नाव उच्चारेल. त्याच तोंडाने. नाक कापायला सुरी लागत नाही.

धनरूपाला सांगितलं. म्हणाली, आधी छपराचा पत्रा बसवा.

५ सप्टेंबर
काजीमानचा निरोप आला, गायीचं पोट फुगलंय, भाइंना पाठवा. म्हटलं, सापडलास. आता स्वतः जाऊन तोंडावर नाही म्हणायचं. शत्रूच्या गोटात जाणं म्हणजे बहिष्कार मोडणं नव्हे. बॅग बरोबर घेतली, कारण रिकाम्या हाताने नकार भारदस्त वाटत नाही.

गाय आडवी, डोळे वर. गायीशी माझं वैर नाही. तेल पाजलं, शेपटी पिळून उठवली, अंगणात फिरवली. दुपार कलताना तिने रवंथ सुरू केलं. काजीमान तिच्या मानेला मिठी मारून उभा होता. म्हणाला, भाइ, तुम्ही नसता तर आज काय झालं असतं. मी म्हटलं, मी नाही असंच समजा.

उत्तर झोंबलं असावं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

जेठी दीदीने चहा पुढे केला. घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न. ताक घेतलं.

१० ऑक्टोबर
वर आमच्या जुन्या गोठ्यावर गेलो. तिथे फुर्बा शेर्पा आमच्या चौऱ्या, याक आणि गायीच्या संकराची गुरं, सांभाळतो. गोठ्यामागचं रान वडिलांपासून आमच्या हद्दीतलं, दगड रोवलेले आहेत. चोरी केली असं म्हणायला काजीमानला जागा नको.

सगळा उतार सुनपातीचा. वारा असा की टोपी दोनदा धावत आणली. वासाने डोकं धरलं. फुर्बा म्हणाला, दाज्यू, जास्त वेळ बसू नका तिच्यात, तिच्या वासानेच उंची लागते, चक्कर येते म्हणतात. मी म्हटलं, मी कंपाऊंडर आहे. मग थोडा वेळ पडून राहिलो.

शोधून शोधून एक ऐटबाज झुडूप निवडलं. उंच, पसरलेलं, पान मोठं. हाच 'नरहांग'. मुळांच्या गड्ड्यासकट उपसला. गड्ड्याच्या कडेला एक दगड चिकटून आला आणि दगडाच्या फटीत दुसरं एक झुडूप. वीतभरही नाही. काळपट, गुंतागुंतीचं, न विंचरलेल्या डोक्यासारखं. फेकून देणार होतो. मग वाटलं, एवढं ओझं आणलंच आहे तर असू दे.

१४ ऑक्टोबर
जोरथांगहून नरहांगसाठी कुंडी आणली, ड्रॅगनचं चित्र असलेली. चुलीजवळच्या खिडकीत ठेवला. ऊब राहील. इतकी वर्षं बिचारा वाऱ्यात कुडकुडत होता.

दुसरं ते दगडासकट मागच्या गडग्यावर टाकलं आहे.

२ नोव्हेंबर
नरहांगची तब्येत जरा नाजूक. मी निदान केलं, कॅल्शियम कमी. व्यालेल्या गायींना देतो ती बाटली काढली. सकाळी एक झाकण, संध्याकाळी एक. शिवाय हाडांची पूड. धनरूपा म्हणाली, बुढा, हे झाड आहे, म्हैस नव्हे. मी म्हटलं, जीव तो जीव. विज्ञान तिला कुठून कळणार.

बुधवारचा खालचा आठवडी बाजार चुकवत नाही. औषधाच्या दुकानात खुर्ची टाकून बसतो, लोक शेळ्या दाखवतात. सकाळी जातो, दिवे लागायला परत. घरी येतो तेव्हा धनरूपा गुणगुणत असते. नवरा दिवसभर बाहेर राबून येतो याचं समाधान असतं बायकांना.

१ डिसेंबर
आज गडग्यावर लाकडं रचताना ते दुसरं झुडूप दिसलं. विसरलोच होतो. मेलं असेल म्हणून उचललं, तर जिवंत. इवलंसं, चिवट, आणि वास असा की नाक बाजूला केलं. मनात आलं, हा कुणासारखा दिसतो.

आणि मग एकदम लख्ख दिसलं. लाकडं तिथेच टाकून बसलो.

मेळ्यात एक नाही, दोन झाडं न्यायची. एका टेबलावर, शेजारी शेजारी. एक देखणा, भरदार, 'नरहांग'. आणि त्याच्या बाजूला हा खुरटा, कुबट, सुनपाती 'काजीमान'. कार्डावर सगळे गुण लिहून. लोक आधी ते झाड बघतील, मग कार्ड, मग अध्यक्षाच्या खुर्चीकडे. त्याने मला एका वाक्यात ब्रश केलं. मी त्याला कायमचं झुडूप करीन. नाव कायमचं असतं.

इतका आनंद झाला की धनरूपाने विचारलं, पत्रा बसला का.

२ डिसेंबर
काजीमानसाठी नियम. पाणी नाही, खत नाही, आडोसा नाही. गडग्याच्या टोकावर, वाऱ्याच्या तोंडी ठेवायचा. मरू द्यायचा नाही, पण सुखही लागू द्यायचं नाही. मेळ्यापर्यंत आणखी कुरूप व्हायला हवा.

रोज सकाळी दात घासताना त्याच्यापुढे उभं राहून दोन शब्द सुनवायचे.

२३ डिसेंबर
नव्या धान्याची पूजा झाली, चासोक. सगळे जमले. काजीमान गळ्यात ढोल अडकवून नाचला. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलो, पाठ करून. पाठ त्याला दिसावी म्हणून दोनदा जागा बदलली. एकदा त्याने टोंगब्याची ढुंगरी, म्हणजे दारूचा बांबूचा पेला, माझ्या पुढ्यात ठेवली, गरम पाणी घालून. नव्या कोदोची, म्हणजे नाचणीची, वर्षातली पहिली. मी त्याच्याकडे न बघता नळीने ओढली.

धनरूपा आणि जेठी दीदी एकमेकींपासून लांब बसल्या होत्या. एका शब्दाचं बोलणं नाही. माझा हुकूम मांडवातही पाळला. मनातून थोडं वाईट वाटलं, पण युद्धात हे चालायचंच.

१२ जानेवारी
बर्फ. नरहांगला घोंगडी गुंडाळली. काजीमान पूर्ण गाडला गेला आहे, तिथे नुसतं एक टेंगूळ दिसतं. सकाळी टेंगळाला म्हटलं, कसं काय अध्यक्ष महाराज.

नुसत्या शिव्या देऊन झाल्यावर इतरही चार गोष्टी बोललो. गुडघा दुखतो ते, पत्र्याचं. घरात कोण ऐकतं.

१७ फेब्रुवारी
मोठी बातमी. नरहांगची पानं पिवळी होत आहेत. शिरा हिरव्या आणि मधला भाग सोनेरी. आधी वाटलं, गेला. मग विचार केला. सुनपाती या नावाचाच अर्थ सोन्याचं पान. नाव सोन्याचं आणि पान मात्र आजवर हिरवं होतं. म्हणजे जे डोंगराला जमलं नाही ते माझ्या कॅल्शियमने करून दाखवलं. ही नवी जात आहे. सुवर्णपर्णी. डोस दुप्पट केला.

२५ मार्च
नरहांगने बरीच पानं टाकली. हलका होतो आहे. पैलवानही कुस्तीआधी वजन उतरवतात.

बर्फ गेलं. काजीमान निघाला खालून, होता तसाच. उलट जास्तच गच्च झाला आहे, उशीसारखा. रागाने दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

९ एप्रिल
मेळ्याच्या कमिटीने या वर्षी परीक्षक बाहेरून बोलावला आहे. गेल्या वर्षी अध्यक्षाने स्वतःच्याच झाडाला बक्षीस दिल्याबद्दल गावातून बरीच निनावी पत्रं गेली म्हणे. सगळी माझी होती. शाई मात्र दर वेळी वेगळी. कालिंपोङच्या मिसेस मोक्तान येणार आहेत. त्यांची नर्सरी आहे, परदेशात झाडं पाठवतात.

काजीमान कमिटीत म्हणाला म्हणे, बरं झालं, माझ्या डोक्याचं ओझं गेलं. आतून जळाला असणार.

२ मे
काजीमानला कळ्या आल्या आहेत. खूप. प्रत्येक टोकावर एक गुच्छ. याला लाज कशी ती नाहीच. खुडून टाकायला हात पुढे केला. धनरूपा मागे उभी होती. म्हणाली, नका बुढा, इतकं सोसून आला आहे. मी हात मागे घेतला. दयेने नव्हे. फुलं इतकी बारकी आहेत की हसू जास्त येईल.

नरहांगला कळी नाही. पानंही तशी नाहीत. काटक्यांचा आकार मात्र आता स्पष्ट दिसतो.

१८ मे
उद्या मेळा. नरहांगवर तीन पानं आहेत, तिन्ही सोनेरी. कुंडी पुसली. कार्ड लिहिलं : सुनपाती 'नरहांग', सुवर्णपर्णी, निवड व संगोपन नरहांग सुब्बा.

मग दुसरं कार्ड. वर्षभर मनात घोळवलेलं. चांगल्या अक्षरात :

सुनपाती 'काजीमान'. उंची : नाही. वाढ : खुंटलेली. वास : डोकं उठवणारा. पाणी-खत : कधी दिलं नाही, तरी मरत नाही. उपयोग : जाळण्यापुरता.

वाचून स्वतःशीच इतका हसलो की धनरूपाने पाणी आणून दिलं. तिला कार्ड दाखवलं नाही. तिच्या बहिणीचा नवरा आहे शेवटी.

आज सकाळी काजीमानची फुलं फुलली आहेत. गुलाबीकडे झुकणारी पांढरी. एकूण एक कळी उघडली, खालचं पान दिसत नाही. जीपमध्ये मांडीवर घ्यावं लागेल, नाहीतर गचक्यांनी झडतील. झडली तर नेम चुकेल.

१९ मे, रविवार
लिहायला बसलो आहे. क्रमाने लिहितो.

टेबलावर दोन्ही ठेवली. कार्डं लावली. मग समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो, जिथून अध्यक्षाची खुर्ची आणि टेबल दोन्ही दिसतात. लोक येऊ लागले. काजीमानपुढे थांबू लागले. गर्दी झाली. हसू अजून ऐकू येत नव्हतं. म्हटलं, वाचायला वेळ लागतो.

नरहांगपुढे एक बाई थांबली. तिने चहाचा कागदी कप संपवून कुंडीत टाकला आणि गेली. थोड्या वेळाने कमिटीचा एक माणूस आला आणि मला म्हणाला, दाज्यू, ही कुंडी रिकामी असेल तर घेऊ का, देणगीच्या चिठ्ठ्या ठेवायला हव्यात.

मग मिसेस मोक्तान आल्या. आखूड केस, गळ्यात भिंग. काजीमानपाशी खाली वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. एक पान उलटून भिंगातून बघितलं, बोटांनी चुरडलं, हुंगलं. मग बराच वेळ उभ्या राहून कार्ड वाचलं. म्हटलं, आता.

त्यांनी विचारलं, हे कुणी वाढवलं. पाच-सहा बोटं माझ्याकडे वळली. त्यांनी मला मांडवात बोलावलं, माईक मागितला आणि कार्ड वाचायला लागल्या. मोठ्याने.

उंची, नाही. म्हणाल्या, बघा, आम्ही जन्मभर हेच शोधतो. बुटक्यांतला बुटका.

वाढ, खुंटलेली. म्हणाल्या, दोन पानांमधलं अंतर नखाएवढं नाही. दगडांच्या बागेत लावायला असाच बांधा लागतो, आणि तो हजारात एखाद्याचा निघतो.

वास, डोकं उठवणारा. म्हणाल्या, अस्सल. खालच्या हवेत आणलं की हा वास जातो, यांनी तो टिकवला.

पाणी-खत दिलं नाही. इथे त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, हे सगळ्यात अवघड. लोक लाड करून मारतात ही झाडं. चुलीजवळ ठेवतात, नाही नाही ते पाजतात. यांना वारा लागतो, थंडी लागते, उपास लागतो. तुम्हाला हे कुणी शिकवलं, सुब्बाजी. मी म्हटलं, अनुभव. दुसरं काय म्हणणार होतो. माझ्या पाठीमागे नरहांग उभा होता, पोटात कप घेऊन.

आणि मग शेवटची ओळ. उपयोग, जाळण्यापुरता. वाचून त्या थांबल्या. मी जमिनीकडे बघितलं. म्हटलं, आता तरी कुणाला कळेल. मिसेस मोक्तान हळू आवाजात म्हणाल्या, सुनपाती धुपात जळते. स्वतः जळून देवापर्यंत वास पोचवते. आपल्या माणसाबद्दल एवढं मोठं वाक्य इतक्या साधेपणाने लिहिलेलं मी पाहिलं नाही. हे काजीमानजी कोण आहेत.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काजीमान उठला होता. चालत आला. त्याला माईक दिला तर त्याच्या तोंडून शब्द येईना. या माणसाला माईक असून शब्द सुचत नाही हे गावाने पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाला, मागच्या वर्षी याच जागी मी भाइंना ब्रश म्हणालो. घरी जाऊन बायकोने मला जेवायला वाढलं नाही. तेव्हापासून माफी मागायचं मनात आहे, धीर झाला नाही. त्यात त्यांनी माझी गाय वाचवली. आणि आज हे. माझ्या नावाने आजवर कुणी कोंबडी पाळली नाही. भाइ, मला माफ करा.

वर्षभर मी हीच माफी ऐकायची वाट बघत होतो. याच मांडवात, याच माईकवर, सगळ्यांसमोर. शब्दसुद्धा जवळपास हेच योजले होते. आणि ते कानावर पडत असताना मला पळून जावंसं वाटत होतं.

त्याने मिठी मारली. माझ्या कोटाची खांद्याची बाजू ओली झाली. टाळ्या थांबेनात. समोर धनरूपा आणि जेठी दीदी एकमेकींचा हात धरून रडत होत्या, हसतही होत्या. मला म्हणायचं होतं, थांबा, नीट वाचा. तोंड उघडलंही. धनरूपाने माझ्याकडे बघितलं. असं तिने माझ्याकडे लग्नाच्या वेळी बघितलं असेल, मग नाही. तोंड मिटलं.

पहिलं बक्षीस. मिसेस मोक्तान रुजवायला चार फांद्या घेऊन गेल्या. पुढच्या कॅटलॉगमध्ये छापणार आहेत. सुनपाती 'काजीमान'. मी नाव बदलता येईल का विचारलं. म्हणाल्या, एकदा दिलं की बदलत नाही, आणि बदलायचं मनात आणू नका, इतकं चांगलं नाव आहे.

२० मे
सूड फसला असं म्हणता येणार नाही. माफी मिळाली. बक्षीस मिळालं. फक्त ते ज्या क्रमाने मिळायला हवं होतं त्या क्रमाने मिळालं नाही.

लोक घरी येऊन म्हणतात, काजीमान बघायचा आहे. मी मागे नेऊन दाखवतो. हात लावू देत नाही.

नवा निश्चय : काजीमानला गाफील ठेवायचं. वरून गोड राहायचं. पावसाळ्यात पुढची योजना.

२२ मे, बुधवार
आज खालच्या बाजाराला गेलो नाही. जीपमध्ये सगळे अभिनंदन करतात आणि प्रत्येकाला सांगावं लागतं की साडूवर माझं किती प्रेम आहे. डोकं दुखतं म्हणून आतल्या खोलीत पडलो. धनरूपा शेतात होती. मी घरात आहे हे तिला माहीत नसावं.

दुपारी मागचं दार वाजलं नाही, उघडलंच. पावलं सरळ स्वयंपाकघरात. चूल फुंकल्याचा आवाज. मी उठून बघितलं. काजीमान. पायातले जोडे बाहेर काढून आलेला, पाठमोरा, चुलीवर किटली चढवत होता. मग त्याने हात वर केला आणि फळीवरच्या पिठाच्या डब्यामागून साखरेची बरणी काढली.

आमची साखर पिठाच्या डब्यामागे असते हे मला माहीत नव्हतं. मला चहा आयता मिळतो.

मी म्हटलं, दाज्यू. तो वळला. दचकला नाही, खूश झाला. म्हणाला, अरे भाइ, आज घरी. बसा बसा. मी विचारलं, साखर तिथे आहे हे तुम्हाला कसं माहीत. तो म्हणाला, मागे खाली असायची, मुंग्या लागल्या म्हणून पावसाळ्यात मीच वर ठेवून दिली.

कुठल्या पावसाळ्यात, मी विचारलं. म्हणाला, गेल्या. दर बुधवारी येतो ना आम्ही.

तेवढ्यात दोघी बहिणी आल्या, ओच्यात भाजीला शिस्नूची पानं घेऊन, बोलत बोलत. मला बघून थांबल्या. मी धनरूपाला विचारलं, मी हुकूम काढला होता की नाही. ती म्हणाली, काढला होता. इथून तिथे कुणी जायचं नाही. मी नाही गेले. एकदाही गेले नाही, दीदीला विचारा. ते इथे यायचे नाहीत असं तुम्ही म्हणाला नव्हता.

जेठी दीदी म्हणाली, मी यांना म्हटलं होतं, भाइंचा शब्द मोडायचा नाही.

म्हणजे बहिष्काराचं पूर्ण वर्ष मी खाली बसून लोकांच्या शेळ्या बघत होतो, आणि ज्याच्यावर बहिष्कार तो माझ्या चुलीपुढे. आणि चासोकला एकमेकींपासून लांब बसल्या होत्या त्या, मी पाठ करून बसलो होतो तरी, माझ्यासाठी. काजीमान म्हणाला, गडग्यावरच्या त्या झाडाची आम्हाला फार उत्सुकता होती. तुम्ही रोज त्याच्याशी बोलता, धनरूपा सांगायची. काय बोलता ते तिने कधी सांगितलं नाही.

धनरूपा शिस्नू निवडत होती. मान वर केली नाही.

काजीमानने चौघांसाठी चहा गाळला. माझा पेला माझ्या हातात दिला. साखर थोडी जास्त होती. मी पेला संपवला.